प्रतीक्षा यादीत तिसरी

लँकेस्टर परगणा, पेनसिल्वेनिया
९ फेब्रुवारी

ती. मेबल मावशीस,
लोइसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि भोपळ्याचं बी पोचलं. बाबा म्हणाले, मिझुरीला गेल्यापासून मेबलला वाटतं पेनसिल्वेनियात भोपळे उगवायचे थांबले. पण बी त्यांनी उंदरांच्या भीतीने काचेच्या बरणीत ठेवलंय, आणि बरणी आईच्या जागेवर, खिडकीत.

आता मुद्द्याचं. मी ठरवलं. मला नर्स व्हायचंय. तू हसणार नाहीस हे माहीत आहे, तरी हे लिहिताना दार लावून घेतलंय.

आईला जाऊन तिसरा हिवाळा चालू आहे. शेवटच्या महिन्यात घरी येणारी ती कॅरल नर्स तुला आठवते ना? तिने मला आईची कूस बदलायला शिकवलं. पहिल्या चार-पाच वेळा आई कण्हली. एके दिवशी कण्हली नाही. म्हणाली, आज दुखलं नाही गं. मावशी, आपल्या चर्चच्या मंडळीच्या शाळेत सात वर्षं मुलांना भागाकार शिकवतेय, पण त्या दिवसासारखं काही मला पुन्हा जमलेलं नाही.

आपल्यात आठवीनंतर शाळा नाही, आणि मला तर आठवीपर्यंतही आईनेच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शिकवलेलं. म्हणून आधी बारावीच्या तोडीची परीक्षा दिली, मग दोन वर्षं मंगळवारी संध्याकाळी शरीररचना आणि रसायन. दूध काढताना मी हाडांची नावं पाठ करते. बाबांचं म्हणणं, लॅटिन ऐकल्यापासून गाईंचं दूध कमी झालंय.

पर्याय तीन होते. शहरातल्या रुग्णालयाची शाळा, पण तिथेच राहावं लागतं, मग बाबांचं काय. विद्यापीठात चार वर्षं जातील, आणि एकोणतिसाव्या वर्षी मला तेवढा धीर नाही. उरलं आपलं परगण्याचं कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षं, घरापासून जवळ, आणि वर्गात माझ्यासारखे दुसरं काम सोडून आलेले पुष्कळ. तिथल्या मुख्य बाईंना मी घाबरत विचारलं की आपल्या मंडळीतल्या बायकांची डोक्यावरची टोपी चालेल का. त्या म्हणाल्या, टोपी खुशाल घाला, बाह्या मात्र कोपरापर्यंत वर हव्यात.

एक गोष्ट मनात घोळतेय. जागांपेक्षा पात्र माणसं जास्त, म्हणून ते नावांची सोडत काढतात. मला तुमच्या एलम काकांची चिठ्ठी आठवली. मी लहान होते, बाकावर उभी राहून बघत होते. टेबलावर सारखी दिसणारी भजनांची पुस्तकं, एकात चिठ्ठी. ज्याच्या हातात ती येईल तो मंडळीचा उपदेशक, देवानेच निवडलेला. काकांनी पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला, पण ते नाही म्हणाले नाहीत. मीही माझी सोडत तशीच मानायचं ठरवलंय. नाव आलं तर जाईन, नाही आलं तर तेच उत्तर. हे बरोबर आहे ना? शाळेच्या समितीचे आयव्हन झिमरमन ईस्टरपर्यंत पुढच्या वर्षाचं विचारतायत, आणि त्यांना दिलेला शब्द मागे घेता येणार नाही.

काकांना नमस्कार सांग. माझ्यावरची माया कमी करू नकोस, सध्या तिची गरज आहे.

तुझी,
लोइस

मॉर्गन परगणा, मिझुरी
२७ फेब्रुवारी

चि. लोइस हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

आज शेजाऱ्यांकडे डुकरं कापली, हात अजून चरबीचे आहेत, तेव्हा कागदावरचे डाग समजून घे. तुझ्या बाबांना सांग, आमच्या भोपळ्याला चव असते, तिथल्याला नुसता आकार. आणि ते एकटे पडतील म्हणून तू झुरू नकोस. त्यांना गाई आहेत. गाई उलट बोलत नाहीत, म्हणूनच त्यांचं आणि गाईंचं जमतं.

तू नर्स होणार म्हटल्यावर मी हसले नाही, चुलीपाशी थोडी रडले. लहानपणी तू बाहुलीला ताप आला म्हणून रविवारी प्रार्थनेला यायला तयार नव्हतीस. मी तेव्हाच बहिणीला म्हटलं होतं, ही पोरगी काळजी करण्यातच पोट भरणार. निदान आता त्याचा पगार मिळेल.

सोडतीचं म्हणशील तर तू योग्य तेच बोललीस. जे येईल ते देवाचं समजून मुकाट घे. तुझे काका तेवीस वर्षं उपदेश करतायत, रविवारी सकाळी अजून न्याहारी न करताच निघतात, पण पुन्हा विचारून बघू असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मन तयार ठेव म्हणजे झालं.

सॉसेजं भरायला हाका मारतायत. इतकंच. इथे तुझी वाट बघणारं एक घर आहे हे लक्षात असू दे.

तुझी,
मेबल मावशी

लँकेस्टर परगणा
१८ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न.

माझं नाव आलं नाही.

वाटलं होतं त्यापेक्षा मी शांत आहे. तुझं पत्र बायबलमध्ये ठेवलं होतं, ते पुन्हा वाचलं. त्याच संध्याकाळी आयव्हन झिमरमनना जाऊन सांगितलं की मी पुढचं वर्ष शाळेत आहे. ते इतके खूश झाले की त्यांनी मला अंडी दिली. आमच्याकडे कोंबड्या आहेत हे त्यांना माहीत आहे, तरी दिली.

कॉलेजातून सोबत आणखी एक कागद आला होता. प्रतीक्षा यादीत मी तिसरी आहे, आणि जागा रिकामी झाली तर हवी आहे का ते मेच्या एक तारखेपर्यंत कळवा. मी कळवणार नाहीये. चिठ्ठी दुसऱ्याच्या पुस्तकात निघाल्यावर आपलं पुस्तक पुन्हा उघडून बघण्यासारखं ते होईल. बाबांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, दोनदा वाचला असावा, आणि काही न बोलता गोठ्यात गेले.

वाटाणे पेरून झाले. तुझं बी जमीन तापल्यावर लावीन. पत्र लांबवू नकोस, तुझ्या ओळींवर माझे दिवस जातात.

तुझी,
लोइस

मिझुरी
१९ जून

चि. लोइस,
आशीर्वाद नंतर. आधी पुढचं वाच.

मिळेल त्या फोनवरून आजच्या आज कॉलेजला फोन कर. आपल्यात घरी फोन ठेवत नाहीत आणि बाबांच्या वर्कशॉपमधला धंद्यापुरताच आहे, हे मला माहीत आहे. बाबांना म्हणावं मेबलने सांगितलंय.

तुझं एप्रिलचं पत्र मी वाचलं, गुणी मुलगी म्हटलं आणि घडी घालून ठेवलं. तुझे काका तेव्हा कॅन्ससला होते, आजारी भावाचं शेत पेरायला. परवा आले. जमलेली पत्रं मी त्यांना जेवताना वाचून दाखवत होते. त्या प्रतीक्षा यादीशी आल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला आणि मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आपल्याकडे चिठ्ठी काढण्याआधी सगळी मंडळी गुडघ्यावर बसते. त्या कॉलेजात कोण बसलं होतं?"

तिथे, लोइस, कोणीतरी यंत्राचं बटण दाबलं असेल. काका म्हणाले, माझं नाव आधी माणसांनी सुचवलं होतं, आणि चिठ्ठी निघाल्यावर एकेकाने येऊन मला जवळ घेतलं. त्या पोरीला कोणी जवळ घेतलं? मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले की तू तिला काय लिहिलंस. मी सांगितलं. ते भाजी तशीच टाकून उठले, आणि ते भाजी टाकत नाहीत.

तू मला प्रश्न विचारला होतास आणि मी हाताला चरबी असताना तोंडाला येईल ते लिहिलं. पोरी, अजून उशीर झाला नसेल असं म्हणते आहे. काय होतं ते लगेच कळव.

तुझी,
मावशी

लँकेस्टर परगणा
२ जुलै

ती. मेबल मावशीस आणि एलम काकांस,
लोइसचा सा. न. वि. वि.

फोन केला. बाबांनीच वर्कशॉपचं दार उघडून दिलं आणि बाहेर उभे राहिले.

पलीकडची बाई चांगली होती. तिने माझं नाव शोधलं. मग म्हणाली, यादीतल्या पाचव्या नावापर्यंत बोलावणी गेली, मेमध्येच. तुमचं उत्तर नव्हतं म्हणून तुम्हाला ओलांडून पुढे गेलो. वर्ग आता भरला. ती मला विचारत होती की पत्र पोचलं नव्हतं का. नव्हतं म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. मी म्हटलं, पोचलं होतं.

पुढच्या वर्षापासून सोडत बंद आहे, गुणांवर निवड होईल. रसायनात माझे गुण बेताचेच.

बाहेर आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते दुधाची किटली पुसत होते, ती आधीच कोरडी होती. म्हणाले, "मला बरं वाटलं होतं, लोइस. तू घरी राहणार म्हणून. त्या दिवशी म्हणूनच काही बोललो नाही." त्यानंतर आम्ही दोघांनी दूध काढलं. हाडांची नावं मी म्हटली नाहीत. शेवटच्या गाईपाशी त्यांनीच मानेच्या हाडांपासून सुरुवात केली, चुकीची, आणि मी दुरुस्त करीपर्यंत थांबले.

मावशी, दोष स्वतःकडे घेऊ नकोस. मी तुला प्रश्न विचारला नव्हता, उत्तर लिहून खाली तुझी सही मागितली होती. इतके दिवस मी याला आज्ञापालन म्हणत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. त्या वर्गात सगळ्यात मोठी, सगळ्यात कमी शिकलेली, डोक्यावर टोपी घातलेली मीच असेन याची. माझ्याऐवजी कोणीतरी नाही म्हणावं असं मला वाटत होतं, आणि ते काम मी देवावर ढकललं.

शाळेला शब्द दिलाय, तो पाळीन. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा रसायनाला जाईन. त्या दिवशीचं दूध एकट्याने काढतो असं बाबा स्वतःहून म्हणाले. माझ्या जागेवर जी कोणी गेली असेल, ती ऑगस्टमध्ये कोणाच्या तरी आईची कूस बदलायला शिकेल. पहिले काही दिवस मला तिच्यासाठी प्रार्थना करता आली नाही. आता करते, पण ती लवकर संपते.

तुझ्या भोपळ्याला फुलं आलीत. चवीचं शरदात कळवीन.

तुम्हा दोघांची माया आहे तशीच राहू दे. आणि पुढे कधी मी तुला लिहिलं की देवाची इच्छा दिसते आहे, तर आशीर्वाद देण्याआधी एवढं विचार, की लोइस, फोन केलास का?

तुझी,
लोइस