भाकरीबहाद्दर

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण आतड्यातले जिवाणू शिकवताना मी अजून तुमचीच धुळे-जळगाव एसटी सोडते. "आतले आधीच रुमाल टाकून बसलेत. बाहेरचा रोगजंतू चढला की म्हणतात, बठ्ठी जागा भरेल शे, उतर खाली!" असं म्हणून तुम्ही वर कोपर मारून दाखवायचात, कारण काही जिवाणू नुसती जागा आणि अन्न अडवत नाहीत, दुसऱ्याला वाढू न देणारं काहीतरी सोडतातही. पोरं आजही हसतात.

मी तुमची विद्यार्थिनी असताना याच जिवाणूंच्या प्रॅक्टिकलला शौचाचा नमुना आणायला वर्गात कुणी तयार होईना. "लाजता कसले? माझा घ्या," म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी पिंप्राळ्याच्या घरून डबी घेऊन आलात, तीही जेवणाच्या डब्याच्याच पिशवीत! डबी माझ्याकडे देऊन तुम्ही चहाला गेलात. मी ती बेसिनपाशी ठेवली, आणि तिथल्या घाण डब्यांबरोबर फिनाईल टाकून तीही लख्ख घासली. पसारा दिसला की हात चालायचे, आईचं वळण! तुमच्या ओरड्याच्या भीतीने तशाच दुसऱ्या कोऱ्या डबीत मी गुपचूप माझा नमुना भरून ठेवला.

दोन दिवसांनी रोगजंतू पसरलेल्या प्लेटवर नमुन्यातल्या जिवाणूच्या एका ठिपक्याभोवती स्वच्छ कडं उमटलं. तेवढ्या जागेत जंतू वाढलाच नव्हता. तुम्ही प्लेट घेऊन स्टाफरूमभर फिरलात. "कळण्याची भाकरी आणि ठेचा खातो मी, जंतूची काय टाप!" जिवाणूचं बारसंही केलंत, 'भाकरीबहाद्दर', आणि नळीवर ते नाव लिहून तो फ्रीझरमध्ये जपून ठेवलात. मी तेव्हा मेसच्या पाणचट वरणावर जगत होते, सर.

"नोंद खोटी तर प्रयोग खोटा," हे तुमचंच वाक्य. म्हणून रजिस्टरात 'नमुना कुणाचा' हा रकाना मी कोरा ठेवला. तुम्हाला वाटलं, पोरगी सरांचं नाव लिहायला लाजते.

आज एका विद्यार्थिनीने फ्रीझरमधली ती नळी काढून जिवाणू पुन्हा वाढवला. तेच कडं! तिने विचारलं, "मॅडम, या रकान्यात सरांचं नाव टाकू?" मी पेन घेतलं, माझं नाव लिहिलं आणि सगळं सांगून टाकलं. पोरी अशा खिदळल्या की मलाही आवरेना. फार हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी तुमची फार आठवण आली. तुम्ही आधी ओरडला असतात, मग सगळ्यांत मोठ्याने हसला असतात.

हे पत्र टाकणार कुठे? रजिस्टरातच राहील. पण एक सांगते. नळीवर तुमच्या अक्षरात अजून 'भाकरीबहाद्दर' आहे. ते पुसायला मी स्पिरिटचा बोळा घेतला होता. तो वाळला, तरी हात धजला नाही. तेवढी एक खोटी नोंद राहू द्या, सर.