दाजींचं फुकट भरलेलं रिटर्न

राजारामपुरी, कोल्हापूर
मंगळवार, दुकान उघडायच्या आधी

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी सयाजीचा दंडवत (नुसता लिहायचा म्हणून नव्हे, समोर असता तर खरोखरच आडवा पडलो असतो, गुडघा धरलाय तरी).

तुमची शुगर, अक्काची कंबर आणि गोठ्यातली नवी व्यालेली म्हैस, तिघांचंही बरं चाललं असेल. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत, मी सोडून. गेल्या वर्षी तुमचं इन्कम टॅक्सचं रिटर्न मी फुकट भरलं. अक्का पैशाला पिशवी उघडायला लागली तेव्हा मी थाटात म्हटलं होतं, बहिणीच्या घरचे पैसे घेऊन कुठं फेडू? त्या फुकटाला खरोखर किती पडले ते काल बसून मांडलं. तुमच्या अनुजाच्या चंदगड-कोल्हापूर एसटीच्या चार फेऱ्या (बायकांना अर्धं तिकीट, म्हणून निभावलं). बँकेत गेलेले तिचे तीन दिवस, माझा एक. उशिराचा दंड पाच हजार, तो मी भरणार, त्यावर वाद नको. तुम्ही पाठवलेले दोन किलो काजू, जे मी हक्कानं खाल्ले. आणि माझं नाक. त्याला बाजारभाव नाही, पण राजारामपुरीत अठरा वर्षं ते बरंच वर होतं.

मुद्द्यावर यायच्या आधी धंद्याचं थोडं सांगतो (मुद्दा कुठं पळून जात नाही, पळत असता तर मीच वाट मोकळी करून दिली असती). तुम्ही केंद्रप्रमुख म्हणून आयुष्यभर शाळा तपासल्या. हजेरीपट उघडायच्या आधीच मास्तर खोटं बोलतोय हे तुम्हाला कळायचं. माझ्याकडं उलटं. कागद खरं बोलतात, माणसं कागदापुढं बसून खोटं बोलतात. इचलकरंजीचे भूपालअण्णा घ्या. चोवीस मागांचा मालक, सज्जन माणूस, पण वर्षाचे सगळे कागद मिठाईच्या खोक्यात घालून आणणार, तेही शेवटच्या तारखेला, आणि वर म्हणणार, ‘सयाजीराव, तुम्हाला काय, दाबलं बटण की झालं.’ पासबुकावर दोनदा छापलेलं असतं, एकावर एक, त्यामुळं अण्णांचं व्याज वाचायला ज्योतिषी लागतो. दुसरा सम्राट, तालीम चालवतो. त्यानं पासवर्ड स्वतःच बदलला आणि बायकोला शेजारी घेऊन आला. पासवर्ड काय ठेवलास विचारलं तर घामाघूम. शेवटी माझ्या कानात सांगितला. ते एका मुलीचं नाव होतं, आणि ते नाव शेजारी बसलेल्या बाईंचं नव्हतं. माझे कान तिखट आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. बाईंचे त्याहून तिखट निघाले. एक पेन्शनर जोडपं तर कायमचं तुटलं. सरकारच्या यादीत कुणाची ठेव कुठल्या बँकेत आहे हे सगळं दिसतं. मी आपला सरळ मनानं मोठ्यानं वाचत गेलो, आणि तिसऱ्या ठेवीला काकू म्हणाल्या, ‘ही कुठली म्हणं?’ तेव्हापासून मी मनात वाचतो.

अशा माणसांकडून वेळेला एक आकडा मिळायचा नाही, म्हणून आम्ही धंदेवाले काय करतो, गिऱ्हाइकाच्या खात्यावर मोबाईल आणि ईमेल आपलाच घालतो. (सरकारला हे आवडत नाही. सरकारचं बरोबर आहे.) म्हणजे सगळ्या गावाची पत्रं माझ्या एका डब्यात. त्यात सवलतीतल्या चपलांच्या जाहिरातीही येतात. आणि कुणी विचारलं, ‘झालं का माझं?’ की उत्तर तयार: पोर्टल बंद आहे. दहातल्या चार वेळा ते खरंच बंद असतं. उरलेल्या सहा वेळा मी जेवत असतो. हे उत्तर आमच्या धंद्यात राम राम घालण्यासारखं आहे, त्यात पाप वाटत नाही. वाटत नव्हतं.

आता मुद्दा. रिटर्न नुसतं भरून होत नाही. भरल्यावर तीस दिवसांच्या आत ‘हे मीच भरलंय’ असं तुम्हाला कबूल करावं लागतं. त्यासाठी तुमच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर सहा आकडे येतात, ओटीपी म्हणतात तो. इथं माझा नंबर चालत नाही. ते आकडे घातले नाहीत तर भरलेलं रिटर्न न भरल्यासारखं. सही न केलेला दाखला जसा. गेल्या जुलैत मी तुम्हाला फोन केला तेव्हा दुकानात अठरा माणसं उभी होती (अण्णांचं खोकं वेगळं). तुम्हाला आठवत असेल काय म्हणालात ते. मला शब्दन् शब्द आठवतो.

‘ओटीपी कुणालाबी सांगायचा न्हाय. बँकेचं साहेब मेळाव्यात सांगून गेल्यात.’

मी म्हटलं, दाजी, मी सयाजी बोलतोय. तर तुम्ही म्हणालात, ‘आवाज सयाजीचाच हाय की. पण आवाज काय, आता कुणाचाबी काढत्यात.’ मी म्हटलं अक्काला द्या. अक्का मागनं म्हणाली, ‘त्याला सांगा, भाऊ असला तरी न्हाय.’ अठरा माणसं हसली. अहो, ज्याला अख्खी राजारामपुरी आपले आकडे सांगते त्याला सख्खी बहीण सांगेना! (आज विचार करतो तर तुमचं काडीचंही चुकलं नव्हतं. शेकडो माणसांतून बरोबर वागलेले तुम्ही एकटेच.) मी तोऱ्यात म्हटलं, असू द्या, दुसरी वाट आहे.

दुसरी वाट खरंच होती. एक कागद छापायचा, त्यावर तुमची शाईची सही घ्यायची आणि तो बेंगळुरूला पोस्टानं पाठवायचा. तीस दिवसांत. कागद मी छापला, पिशवीत घातला आणि गणपतीला तुमच्याकडं आलो. दिवस शिल्लक होते, चार का होईना. तुम्ही आरतीनंतर सगळ्या भावकीसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, ‘आमचं रिटर्न सयाजी बघतो. आम्हाला काळजी न्हाय. झालं न्हवं रं?’ दाजी, त्या वेळी मी एवढंच म्हणायचं होतं, ‘न्हाय, एक सही राहिलीय.’ पण वीस-पंचवीस माणसं बघत होती, त्यात तो तुमचा चुलतभाऊ गुंडू, जो मला अजून ‘टायपिस्ट’ म्हणतो. मी म्हटलं, ‘झालं की. कवाच.’ मनात म्हटलं, जाताना एकटं गाठून सही घेऊ. जाताना अक्कानं पिशवीत काजू भरले. कागद खाली गेला, काजू वर आले, मी कोल्हापूरला आलो. सरकारनं आठवण करून द्यायला नऊ ईमेल पाठवले. ते माझ्याच पत्त्यावर आले, कारण पत्ता माझाच होता. चपलांच्या जाहिरातींच्या मध्ये नीट रांगेत आहेत. काल एकेक उघडून वाचले. भाषा सभ्य आहे.

गेल्या शुक्रवारी अनुजाच्या शैक्षणिक कर्जासाठी तिच्याबरोबर बँकेत गेलो. तिला पुण्याला औषधशास्त्राची जागा मिळालीय हे मी गल्लीत तुमच्या आधी सांगून टाकलं होतं. या महिन्याच्या पंचवीस तारखेला फी भरली नाही तर ती जागा पुढच्या नंबराला जाते, हे सांगितलं नव्हतं. कर्जाच्या टेबलावर आदिती मॅडम म्हणून एक पोरगी बसते, अनुजापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. तिनं तुमचे कागद बघून हळूच सांगितलं की गेल्या वर्षीची पोचपावती यात दिसत नाही, हा नुसता भरलेला फॉर्म आहे. इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी खुर्ची मागं सरकवली. म्हटलं, मॅडम, अठरा वर्षं झाली या धंद्यात. मी कुणाच्या एका रुपयाशिवाय वर आलेला माणूस आहे, टायपिंग शिकलो तेही स्वतःच्या पैशावर, माझ्या हातचं रिटर्न अर्धवट असतं होय? मागच्या रांगेतल्या पेन्शनर मंडळींनी माना वळवल्या, म्हणून आवाज आणखी चढवला. ‘थांबा, तुम्हाला आत्ता दाखवतो,’ म्हणून मोबाईलवर तुमचं खातं उघडलं आणि फोन तिच्यासमोर धरला. चष्मा खिशात होता. त्यामुळं पडद्यावर काय आहे ते मला तिच्याकडूनच कळलं.

ती म्हणाली, ‘काका, इथं लिहिलंय खातरजमा बाकी. मुदत संपलीय.’

मोठ्यानं नाही म्हणाली हो. तिनं आवाज खाली आणला, माझी अब्रू जाऊ नये म्हणून. पण मघाशी मीच सगळ्यांचे कान उघडून ठेवले होते. मागनं एक म्हातारा म्हणाला, ‘अठरा वर्सं व्हय!’

आता जे सांगतो ते मला बँकेपेक्षा जड गेलं. जिना उतरून खाली आल्यावर अनुजा म्हणाली, ‘मामा, चहा घेऊया.’ चहाचे पैसे तिनं दिले. मग म्हणाली, ‘तुम्ही बाबांना काही सांगू नका. मी सांगते पोर्टल बंद होतं म्हणून.’ दाजी, माझं वाक्य. जे मी शेकडो गिऱ्हाइकांच्या तोंडावर मारलं ते तुमच्या सरळ पोरीनं माझ्यासाठी, माझ्याकडूनच शिकून, तुम्हाला सांगायचं ठरवलं. तिला वाटलं मामाला मदत होईल. मी चहा तसाच ठेवला. (तिनं तोही प्यायला, अक्काचं वळण.) तेव्हाच ठरवलं, पोर आपल्यापायी खोटं बोलायच्या आत आपण खरं लिहून टाकायचं.

स्वतः यायला हवं होतं. रविवारी निघालोही होतो. गडहिंग्लजपर्यंत आलो, स्टँडवर चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसलो. तुमच्या उंबऱ्यात उभं राहून ‘झालं नव्हतं’ म्हणायची छाती झाली नाही. लग्नात मी तुमचा कान पिळला होता. आता माझे दोन्ही तुमच्या हवाली.

गेलेली मुदत माफ करा असा अर्ज करता येतो, आणि आदिती मॅडम म्हणाल्या की रिटर्नची खातरजमा झाल्याचा कागद नि केलेला अर्ज एवढं दाखवलंत तर त्या फाईल अडवणार नाहीत. त्या अर्जात उशिराचं कारण लिहावं लागतं. पहिल्यांदा मी ‘पोर्टल बंद’ लिहिलं. खोडलं. मग तुम्हाला आजारी पाडलं, चांगलं दोन महिने अंथरुणाला खिळवलं (क्षमा असावी, आजारही जरा अवघड जागचा निवडला होता). तेही खोडलं. आता तिथं असं आहे: ‘करदात्याची चूक नाही. रिटर्न भरणाऱ्यानं काम पूर्ण झाल्याचं त्यांना खोटं सांगितलं.’ साहेब वाचेल तेव्हा हसेल. हसू दे.

अक्काला नमस्कार सांगा. तिला हे पत्र वाचून दाखवलंत तर काजूची ओळ गाळा. गुंडूला मुळीच दाखवू नका.

आपला आज्ञाधारक (यापुढं तरी)
सयाजी

ता. क. यंदा काजू पाठवू नका. आणि पाठवलेच तर वेगळ्या पिशवीत.

ता. क. दुसरा. हे सगळं लिहायचं खरं कारण असं की मला तुमचे ते सहा आकडे पाहिजेतच. त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही, आणि पंचवीस तारीख थांबत नाही. येत्या रविवारी बरोबर अकराला मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीपाशी उभं राहा. तिथंच काय ती रेंज येते. मी फोन करीन. आकडे पंधरा मिनिटंच जिवंत असतात, तेव्हा वाटेत कुणाशी बोलत बसू नका. छत्री घ्या.

ता. क. तिसरा. आवाज कुणाचाही काढतात, हे मला मान्य आहे. म्हणून आकडे सांगायच्या आधी तुम्ही मला एक प्रश्न विचारा: कानपिळीचं घड्याळ कुठं गेलं? सोनेरी पट्ट्याचं, तुम्ही मांडवात माझ्या मनगटावर बांधलेलं. जोतिबाच्या यात्रेत हरवलं म्हणून मी रडलो होतो, आणि तुम्ही नवे जावई असून अर्धा दिवस गुलालात हात घालून पायऱ्या चाचपत होता. खरं उत्तर जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं, आता दोघांना आहे, तेव्हा फोनवरचा माणूस हे बरोबर सांगेल तरच त्याला सयाजी समजा. ते घड्याळ हरवलं नव्हतं. यात्रेच्या आदल्या दिवशी शाहूपुरीत विकलं होतं. टायपिंगच्या क्लासची फी त्यातून भरली.