कुलूप लावलं की ओढून पाहावं

३ मार्च, दुपार
माफ कर, रोजनिशी. तुला जानेवारीत आणलं आणि लिहायला बसलो आज. कारण आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ही म्हणते, हात तर चालू होते ना?

आजपासून घरून काम. पंपाच्या सुट्या भागांचं गोदाम इतकी वर्षं मी सांभाळलं. माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही. मालकीणबाईंनी लॅपटॉप पाठवला. म्हणाल्या, महिनाभर बघू. जमलं तर पुढेही घरूनच करा, नाही तर काका, आता आराम करा. आराम! पडून राहिलेला पंप गंजतो, हे मी त्यांना सांगायला हवं?

कॉम्प्युटरवाल्या बाई येऊन व्हीपीएन बसवून गेल्या. इंटरनेट म्हणजे भर रस्ता, आणि व्हीपीएन म्हणजे रस्त्याखालून घरापासून ऑफिसपर्यंत काढलेला आपला बोगदा. आतून काय जातं ते कुणाला दिसत नाही. फिरतीवरचे विक्रेतेही लॉजमध्ये बसून याच वाटेने स्टॉक बघतात. मी विचारलं, दार? आहे की, म्हणाल्या, पासवर्ड हेच कुलूप. मी म्हटलं, मग निर्धास्त राहा. कुलपातलं मला कळतं.

संध्याकाळ
बोगदा बंद केला. गोदामाला कुलूप लावलं की ओढून पाहायचं, ही माझी शिस्त. इथे ओढणार काय? डोकं चालवलं. मुद्दाम भलतेसलते पासवर्ड टाकून पाहिले. मेहुण्याचं नाव, मांजराचं नाव, नुसती शून्यं. उघडलं नाही. भक्कम. आता निवांत झोप.

४ मार्च
आत जाता येईना. बाईंना फोन केला. म्हणाल्या, तुमचं खातं लॉक झालंय, कुणीतरी चुकीचे पासवर्ड टाकत होतं. पहिल्याच दिवशी चोर! त्यांनी खातं उघडून दिलं. विचारलं, काका, तुमच्याकडून तर नाही ना चूक झाली? मी म्हटलं, बाई, मी आणि चूक?

चोर आहे म्हणजे कुलूप आणखी नीट तपासायला हवं. संध्याकाळी बराच वेळ तपासलं.

९ मार्च
रोज सकाळी तेच. चोर चिवट आहे. पण माझ्याशी गाठ आहे.

संशय शेजारच्या दातांच्या डॉक्टरवर. परवा विचारत होता, काय काका, घरूनच काम वाटतं? याला काय करायच्यात नसत्या चौकशा? ही म्हणते, तुमची कवळी त्यानेच बसवली, चोरायचंच असतं तर तीच नसती का चोरली?

१६ मार्च
मालकीणबाईंना फोनवर ठणकावलं. जो कोणी असेल त्याला कायमचा बाहेर काढा. दयामाया नको, वयबिय बघू नका. पटलं त्यांना. सावधगिरी म्हणून बाहेरून येणाऱ्या सगळ्यांचीच वाट बंद केली. याला म्हणतात वजन.

एका विक्रेत्याचा लॉजमधून फोन. काका, गिऱ्हाईक समोर बसलंय, दीड इंची वॉशर आहेत का एवढंच सांगा. म्हटलं, मलाही दिसत नाही बाबा, पण असतील तर सुरक्षित आहेत. त्याने फोन आपटला. हल्लीच्या माणसांना सुरक्षिततेची किंमत नाही.

१८ मार्च
बाई घरी आल्या. म्हणाल्या, सगळं या लॅपटॉपवरूनच होतंय, संध्याकाळी, काम संपल्या संपल्या. मी हिच्याकडे बघितलं. ही माझ्याकडे. बाईंनी बंद केलेली वाट तेवढ्यापुरती उघडली. म्हणाल्या, काका, रोज कसं बंद करता ते करून दाखवा बरं.

अभिमानाने दाखवलं. बंद केलं. मेहुणा टाकला, मांजर टाकलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. ही स्वयंपाकघरात पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग खो खो हसण्याचा.

दोष यंत्राचा आहे. कुलूप ओढलं म्हणून कुलपाने रुसायचं असतं होय? बाई लॅपटॉप घेऊन गेल्या.

मग मालकीणबाईंचा फोन. काका, चोर सापडला, आणि त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगून ठेवलंय. हसत होत्या की नाही, ते फोनवर कळलं नाही. विचार करून उद्या कळवते म्हणाल्या. गोदामाची एक किल्ली अजून माझ्या उशाखाली आहे. तिचं कुणी काही विचारलं नाही.

१९ मार्च
सकाळपासून फोन नाही. शेवटी मीच मेसेज लिहिला. त्या दिवशी बोललो ते रागाच्या भरात. दयामाया दाखवावी. वय बघायलाही हरकत नाही.

पाठवला. मोबाईल लॉक केला. इतका खासगी मेसेज आत, म्हणून जरा ओढून पाहिलं. मनाला येतील ते आकडे टाकले. भक्कम.

आता माझाही आकडा घेत नाही. थांबा म्हणतो. आत्ताच आत टिंग वाजलं. उत्तर आलं असणार.

मालकीणबाई, जे काय ठरलं असेल ते पुन्हा एकदा कळवा. लवकर कळवा. आणि जमलं तर हिच्या मोबाईलवर.