लाल खोका लंडनचा

आई, परवा पेणच्या बेकरीत तुझी नात म्हणाली, बिस्किटं नकोत, कुकीज घे. काउंटरवर दोन्ही बरण्या शेजारी शेजारी होत्या आणि आतला माल मला तरी सख्ख्या भावंडांसारखा दिसत होता. मी कुकीज घेतल्या, घरी आणून चहात बुडवून खाल्ल्या. तुझी आठवण आली, एवढंच. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग आपण बधिर हिरडीला जीभ लावून लावून बघतो, तशी मी अधूनमधून तुझ्या आठवणीला जीभ लावून बघते. काही लागत नाही.

रोह्याच्या त्या बिस्किटांच्या कंपनीत तू कंत्राटदाराकडून पॅकिंगला होतीस आणि माझं बी.एस्सी. झाल्यावर मी तिथेच सुपरवायझर म्हणून लागले. आपल्या निडी गावाहून आपण दोघी एकाच गाडीने जायचो. पहिल्याच दिवशी मी लाइनवर सगळ्यांदेखत तुला आई म्हणून हाक मारली, आणि जेवणाच्या सुट्टीत तू मला कोपऱ्यात घेऊन झापलंस. "इथं आई नाय. बाकीच्यांना मावशी म्हनतेस ना, मग मलापन मावशीच म्हन. नायतर बायका बोलतील, पोरगी आईला सांभाळून घेते." मी ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं.

ऑफिसच्या भिंतीवर नावांचा एक तक्ता होता, एका बाजूला इंग्लंड, दुसऱ्या बाजूला अमेरिका. तो मी पाठ केला होता आणि नव्या नोकरीचा रुबाब दाखवायला घरी तुला ऐकवत होते. तू चुलीपुढे बसली आहेस, तांदळाची भाकरी थापते आहेस, आणि मी शिकवते आहे: पीठ एक, भट्टी एक, ट्रे एक, पण माल इंग्लंडला निघाला की खोक्यावर बिस्किट आणि अमेरिकेला निघाला की कुकी. इंग्लंडचा स्विस रोल, म्हणजे जॅम लावून गुंडाळलेला केक, अमेरिकेत जेली रोल होतो. आणि अमेरिकेत बिस्किट मागितलं तर पावासारखं मऊ, खारट काहीतरी देतात, ते म्हणे रश्शाबरोबर खातात. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "बारशाला दोन आत्या आल्या असतील गो. दोघींनी आपापलं नाव ठेवलं. आत्याला कोन गप बस म्हननार?" त्यावर आपण खूप हसलो. एवढं हसलेलं मला दुसरं आठवत नाही.

तू शाळेची पायरी चढली नव्हतीस. खोक्यावर काय लिहिलंय याच्याशी तुझं देणंघेणं नव्हतं. लाल खोका लंडनचा, निळा अमेरिकेचा, संपलं. नव्या पोरींनाही तू हेच शिकवायचीस, आणि वाचता येणाऱ्या पोरीसुद्धा रंगच बघायच्या, कारण वाचत बसलं तर हात मागे पडतो. हे साहेबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

त्या वर्षी नाताळच्या मालासाठी अमेरिकेचा खोका बदलला. तोही लाल आला. माल भरायच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर तसा कागद होता: शिफ्ट सुरू होताना लाइनवर सांगावे. मी तो वाचला, सही केली. सकाळी म्हटलं, चहानंतर सांगू. चहानंतर ट्रे मोजायला गेले आणि राहून गेलं. काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, पण नव्हतं. लंडनचा माल भरायचा होता, तू समोरची लाल खोकी ओढलीस, तुझ्यामागोमाग सगळ्यांनी ओढली. मालाची गाडी बंदरावर गेली, तिथे लंडनच्या मालावर कुकी छापलेलं दिसलं आणि ती तिथूनच परत आली.

साहेबांनी मला आत बोलावून विचारलं, "लाइनवर सूचना दिली होती का?" मी म्हणाले, "दिली होती, सर." मग त्यांनी तुला बोलावलं. तू आत येतेस, डोक्यावरची टोपी काढून हातात धरतेस. साहेब विचारतात, "मावशी, मॅडमनी सांगितलं होतं ना?" तू माझ्याकडे बघत नाहीस. "व्हय साहेब, सांगितलं होतं. माझ्याच ध्यानात नाय रायलं."

दुसऱ्या दिवसापासून कंत्राटदाराने तुला कामावर घेतलं नाही. इतक्या वर्षांचं काम होतं, त्या लाइनवर तुझा शब्द चालायचा. संध्याकाळी मी घरी आले तर तू विचारलंस, "कालवण गरम करू?" मी हो म्हणाले आणि जेवले. त्यानंतर लग्न होईपर्यंत मी गाडीने एकटी जात राहिले, आणि तू रोज पहाटे उठून माझा डबा भरत राहिलीस. त्या दिवसाचं तू पुन्हा नाव काढलं नाहीस, मीही नाही. तुझ्या तेराव्याला पॅकिंगच्या दोघी-तिघी आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, तुझी आई चुकणारी बाई नव्हती. मी तिला चहा दिला. लोकांना मी सांगते, आईने गुडघ्यांमुळे काम सोडलं. तुझ्या नातीलाही तेच सांगितलंय.

साहेबांसमोर मला लाज वाटली होती, असं मी बरीच वर्षं धरून चालले. तसं नव्हतं. तू "व्हय" म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. नुसतं सुटल्यासारखं, दुसरं काही नाही. तू असतीस तर हे पत्र तुला मीच वाचून दाखवलं असतं, दुसरं होतं कोण वाचायला? आणि वाचताना एवढी ओळ मी गाळली असती.