पूर्तता झाली

१ ऑक्टोबर २०२५

आले एकदाची! अलिबागहून रिक्षा केली. मागच्या सीटवर मी, गादी आणि गॅसची शेगडी. गाव रेवदंड्याच्या अलीकडं, अगदी समुद्राला टेकलेलं. चार दिवसांनी येणाऱ्या टँकरपुढं भांडून वाढलेली मी बार्शीची. खिडकीतला समुद्र आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर ती नुसती बघतच बसली.

नवी ग्रामपंचायत अधिकारी म्हणून कार्यालयामागची खोली राहायला मिळाली. भिंतीवर ओलीच्या तीन रेघा आहेत. एक घोट्याएवढी, एक गुडघ्याएवढी, एक कमरेएवढी. वरून चुना फासलाय. ठेकेदाराचे हात थरथरले नसतील फासताना. पण हवा छान येते.

कार्यालयात झाडलोट करणाऱ्या मैनाबाईनं सुके बोंबील आणून दिले. तिची सात वर्षांची भाविका आल्या आल्या माझ्या स्केचपेनांवर तुटून पडली. समुद्र काढायला सांगितला तर सगळा हिरवा काढला.

४ ऑक्टोबर

डोकं तापलंय. मैनाबाईच्या घराला लागून मुंबईच्या परेशशेठचा बंगला आहे. शेठ मांडव्याला बोटीनं उतरतो, वर्षातून दोनदा. बाकी वेळ कुलूप. अंगणात पोहायचा हौद, पावसाचं पाणी कुजून हिरवंगार झालेलं. डासांच्या अळ्या इतक्या, की पाणी वळवळतं. वर फुगवायचं पिवळं बदक, निम्मं बसलेलं. वास कपड्यांना चिकटून घरी आला.

कोळीवाड्यात महिन्यात अकरा जणांना डेंग्यू. शेठला फोन केला तर म्हणाला, तुमच्या गावात गटारं कमी आहेत का. मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

भाविकाला सांगितलं, शाळेतून थेट माझ्या खोलीत यायचं, अभ्यास इथं करायचा. इथं डास नाहीत.

६ ऑक्टोबर

नियम सरळ आहे. मालकाला नोटीस, सात दिवसांची मुदत. ऐकलं नाही तर पंचायतीनं पाणी उपसायचं आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. आज दोन पंचांसमोर गेटवर नोटीस डकवली.

मग नोंदवही उघडली. तीन वर्षं, तीन नोटिसा, याच हौदाच्या. प्रत्येकीपुढं शेरा: ‘पाणी उपसले. पूर्तता झाली.’ सह्या तीन वेगळ्या अधिकाऱ्यांच्या. शिपाई काळूरामला विचारलं, कधी पंप लागला होता का. त्यानं जन्मात पाहिला नाही म्हणे. खोटारडे मेले! लोकांची पोरं तापानं फणफणतात आणि हे खुर्चीत बसून हौद उपसतात.

ते तिघं कुठं बदलून गेले विचारलं, तर काळूराम वहीकडं बघत म्हणाला, “रजेवर गेलं मॅडम. तिगंपन. परत न्हाय आलं.”

९ ऑक्टोबर

तालुक्याहून फोनवर फोन. तपासणी आहे, एकही नोटीस प्रलंबित दिसता कामा नये. मुदत संपली नाही म्हटलं तर साहेब ओरडले. सरपंच म्हणाले, सोमवारी पंप मागवू, शेरा आजच मारा. पाऊण तास भांडले. चहाही प्यायले नाही.

मग लिहिलं. ‘पाणी उपसले. पूर्तता झाली.’ खाली माझी सही. सोमवारी पंप येणारच आहे. चार दिवसांचाच काय तो फरक. वही तपासणीला अलिबागला गेली.

१० ऑक्टोबर

काळूराम धावत आला. हौद कोरडा पडलाय! पंप नाही, माणूस नाही. तळाच्या फरशा भाजल्यासारख्या सुकलेल्या. मैनाबाईनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. मी म्हटलं, फट असेल कुठंतरी. खरं सांगायचं तर बरं वाटलं. माझं खोटं खरं झालं.

१३ ऑक्टोबर

खोलीची फरशी ओली. बाहेर कडक ऊन, नळ बंद. चार वेळा पुसली. तो वास.

१५ ऑक्टोबर

घोट्याएवढं पाणी. हिरवं. पंचवीस बादल्या बाहेर ओतल्या. वळून पाहिलं तर तेवढंच. खोलीत अळ्या. ठेकेदाराला शिव्या घातल्या, काळूरामला घातल्या. काळूराम उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही.

भाविका परवापर्यंत इथं बसून डास मारत पाढे म्हणत होती. आज आली नाही.

१७ ऑक्टोबर

भाविकाला ताप. अलिबागला भरती केलं. प्लेटलेट वीस हजारांवर.

मैनाबाई कपडे न्यायला आली होती. दारातून तिनं पाणी पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “बाय, माझ्या पोरीला तुमच्या खोलीत डास चावलं. आमच्यात तर आता एक डास न्हाय.”

१८ ऑक्टोबर

आरोग्य सेवक येऊन माझ्या दारावर नोटीस डकवून गेला. सार्वजनिक आरोग्यास धोका. सात दिवस. नाव माझं.

पाणी गुडघ्यापर्यंत. उपसून संपवल्याशिवाय मी इथून हलणार नाही. पलंगाखालून काहीतरी तरंगत आलं. पिवळं. निम्मं बसलेलं.

ते बदक.

१९ ऑक्टोबर

कळलं. हौदातलं पाणी गेलं, असं मी लिहिलं. मग ते कुठं गेलं? ज्यानं लिहिलं त्याच्याकडं. तीन सह्या, तीन रेघा. आणि मी त्यांना खोटारडे म्हणत होते! तो मेला शेठ मुंबईत कोरडाच. मीच, मीच ती पोर इथं आणून बसवली—

अलिबागला फोन लावला. वही द्या, शेरा खोडते. साहेब हसले. दिवाळीनंतर बघू म्हणे.

२० ऑक्टोबर

पिशवी भरली. दार फुगलंय, उघडत नाही. खिडकीला गज. फोन भिजला. पाणी कमरेच्या वर. टेबलावर चढले आहे. चौथी रेघ कुठं येणार—

भाविका कशी आहे, कोणी सांगा.

२१ ऑक्टोबर

बाहेर ऊन आहे. फटाके. मैनाबाईचा आवाज आला, म्हणजे ती परतली. काळूरामला विचारतेय, मॅडम कुठं. पोर वाचली म्हणून सांगायचंय तिला. वाचली—

ओरडले. दोघं खिडकीसमोर उभी आहेत. आत बघताहेत. त्यांना पाणी दिसत नाही. मी दिसत नाही.

काळूराम म्हणाला, “रजेवर गेली. बग, खोली कशी कोरडी हाय.”

नोंदवही हाताशी नाही. ही रोजनिशीच आहे. इथंच लिहिते, खरं लिहिते. मी कल्पिता, ग्रामपंचायत अधिकारी, लिहून देते की नऊ तारखेला मी हौदाजवळ गेलेच नाही, पंप आलाच नाही, शेरा मी खुर्चीत बसून— पान भिजतंय— ते पाणी मी