नकाशाच्या खोलीची किल्ली

४ जुलै
प्राचार्यांनी हुकूम सोडला — जीआयएस यापुढे ग्रंथालयाकडे! कॉम्प्युटरवरचे नकाशे आता फक्त भूगोलवाल्यांनी नाही, कॉलेजातल्या कुणीही करायचे. ग्रंथपाल मी, म्हणजे लोढणं माझ्याच गळ्यात. सत्र संपेपर्यंत सोय उभी राहिली नाही तर नकाशाची खोली बंद.
किल्ली मात्र भूगोलाच्या सरांकडे. नकाशा वाचायला मला त्यांनीच शिकवलं, वीस वर्षांपूर्वी.

९ जुलै
"किल्ली मिळणार नाही. पोरं मशीन बिघडवतात." — सर. माझ्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. फार लागलं.

१० जुलै
पुन्हा नाही.

२३ जुलै
अर्थशास्त्राची एक मुलगी रडकुंडीला आली होती. कोणत्या वस्तीपासून दवाखाना किती लांब, हे तिला नकाशावर दाखवायचंय. सर तिला खोलीत बसू देत नाहीत. "आकडे ठेवून जा, मी भरतो," म्हणाले. आठवडा झाला! अडला हरी, दुसरं काय. मी तिला म्हटलं, थांब. मी बघते.

१ ऑगस्ट
सरांनी केलेला नकाशा मिळाला. एक दवाखाना थेट तलावाच्या मधोमध! मुलीची वही काढून ताडून पाहिलं. अक्षांश-रेखांशात इंग्रजी तीनाच्या जागी सरांनी आठ भरलाय. एकदा नाही, पाच ठिकाणी.
इतका निष्काळजीपणा? त्यांचा? पेन्सिलीचं टोक बोथट असलं तरी ते आमचा नकाशा परत करायचे.

४ ऑगस्ट
सभेत तो नकाशा भिंतीवर दाखवला. म्हटलं, "सर, इथे पेशंटनं पोहत जायचं का?" सगळे खो खो हसले. प्राचार्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला — उद्या किल्ली ग्रंथालयात.
जिंकले. सर कागद गोळा करत राहिले, एकेक चाचपून.

५ ऑगस्ट
सर स्वतः आले. "घे," म्हणाले. "आता तूच सांभाळ."
मी टेबलापाशी उभी होते, हातभर अंतरावर. किल्ली त्यांनी माझ्यापुढे नाही, शेजारच्या कपाटापुढे धरली होती.
"घेतेस ना गं?"
काल सगळ्यांच्या आधी मी हसले होते.