सरूच्या पोटातली गाठ

१२ नोव्हेंबर १९६३, अकोला
सरूला काही सांगायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. धाकट्या बहिणीशी खोटं बोलणं मला जमत नाही, गप्प बसणं त्याहून नाही. म्हणून हे लिहिणं. पांढरं औषध पाजून पोटाचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, जठरात गाठ आहे, कॅन्सर. ऑपरेशन करू, पण आशा ठेवू नका. सरूला सांगितलंय, अल्सर.

१५ नोव्हेंबर
सरूचे यजमान बापूराव लेकीचं, नलूचं, लग्न काढून बसले. "अक्का, सरूच्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ द्या. ती गेल्यावर एक तं वर्षाच्या आत करा, नाही तं तीन वर्षं थांबा." नलू शिकायला माझ्याकडे अमरावतीला. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, मार्चात परीक्षा. तिवशाचं स्थळ सांगून आलेलंच होतं. मुलगा ओव्हरसियर. मी विरोध केला नाही. कशाच्या जोरावर करणार?

२२ नोव्हेंबर
साक्षगंध झालं, तिवशाकडून अंगठी-साडी आली. लग्न माघात. म्हणजे परीक्षेआधीच सासरी, परीक्षा बुडाली. नलू म्हणाली, "आईसाठी करतो, मावशी. तुमी रडू नका." रडत कोण होतं? सरू खाटेवरून सगळ्यांना दटावत होती, "चेहरे काहून पाडले? लगन आहे का मयत?"

२ डिसेंबर
ऑपरेशन. जठर साफ. गाठ बाहेरच, त्याला मागून रेटून बसलेली. कवठाएवढी. अख्खी निघाली. तपासायला नागपूरला पाठवली.

२१ डिसेंबर
नागपूरचं उत्तर. कॅन्सर नाही. काखेत अवधाण येतं, गाठ सुजते, तसलीच ग्रंथी, पोटात, बेसुमार वाढलेली. निरुपद्रवी. फार क्वचित होतं म्हणे. डॉक्टरांनीही पहिल्यांदाच पाहिलं. ते हसत होते. मी विचारलं, मग आधी इतकं ठाम कशाला बोललात? बापूराव दवाखान्याच्या पायरीवर बसून पोरासारखे रडले.

घरी आल्यावर नलूचं एकच वाक्य. "मावशी, आता मले परीक्षा देऊ द्या."

५ जानेवारी १९६४, तिवसा
लग्न परीक्षेनंतर ठेवा, एवढंच मागायला गेले. मुलाची आई फटकन, "बाई, दुखण्याचं सोंग करून स्वस्तात उरकून राहिले होते का?" वडील शांत माणूस. म्हणाले, "पोरीच्या मायनं सांगावं. आमी थांबू." मायला कारणच माहीत नाही, हे त्यांना कसं...

१२ जानेवारी, अकोला
सरू बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. लग्न लांबवू म्हटलं, तर माझ्यावरच उलटली. "मी बरी झाली, आता काहून थांबाचं? अक्का, तुले लगनाचं वावडंच!"

मग सांगितलं. सगळं.

"म्हंजे हे लगन माया मरणासाठी होतं?"

"हो."

"पोरीले माईत होतं?"

"होतं."

शेंगा बाजूला सारल्या. मग बापूरावांना हाक. "साक्षगंधाचं सामान आना. अन् पोरीले अमरावतीहून बलवा. आता मले विचारल्याबिगर या घरात कोनी काही ठरवाचं नाही."

बापूराव जागचे हलेनात. मीच कपाटातून काढून सरूच्या हाती दिलं: अंगठी एक. साडी एक, एकदाच नेसलेली. दोन्ही तिनं उशाशी ठेवलं. काय करणार, विचारलं. "ठेवाचं का वापस कराचं, ते पोरीलेच विचारतो." नलू उद्या सकाळच्या गाडीनं येईल.